शेवंतीवरचा दिवा

माझ्या बायकोच्या डाव्या नडगीवर जे निळे-हिरवे डाग आहेत, ते सगळे माझ्या नावावर आहेत. लगेच तोंड वाकडं करू नका. बायकोवर हात उचलणाऱ्यातला मी नव्हे. आमच्या ला सेहा गावात कुणालाही विचारा. मी हे झोपेत करतो. झोपेत मी ब्रेक मारतो.

ब्रेकच का, तर आयुष्यभर मी दुधाचा ट्रक चालवला. पहाटे डोंगरातल्या गोठ्यांवर जायचं, कॅन भरायचे आणि खाली गावात डेअरीवर आणून उतरवायचे. येताना ट्रक भरलेला, रस्ता ओला आणि मधोमध म्हातारीचं वळण. तिथे एकदा जरी पाय ढिला पडला असता तर दूध, ट्रक आणि हा लिबार्दो तिघेही दरीत गेले असते. पाय कधी ढिला पडला नाही. पण आता रिटायर होऊन मऊ गादीवर पडलो तरी ते वळण येतंच. मी सगळा जीव एकवटून ब्रेक दाबतो आणि ब्रेकच्या जागी एदिल्माची नडगी असते.

हे इंग्रजाचं काम. माझ्या आजाराला मी इंग्रज म्हणतो. डॉक्टरबाईंनी नाव सांगितलं तेव्हा ते कुठल्याशा इंग्रज माणसाचं निघालं, पार्किन्सन की काय ते, आणि माझी जीभ काही त्याच्याभोवती वळेना. आधी तो उजव्या अंगठ्यात येऊन बसला. मग अख्खा हात घेतला. मग पाय. आता तर चांगला चालत असतो आणि उंबऱ्यापाशी आलो की पाय जमिनीला चिकटतात, मागून एदिल्मा ओरडते, "अरे, चल ना! का तिकीट काढायचंय?" ती ओरडली की पाय सुटतो. डॉक्टरबाई म्हणतात, काहींच्या बाबतीत हा पाहुणा येण्याच्या कितीतरी आधी झोपेतल्या लाथा येतात. म्हणजे त्यानं आधी सामान पाठवलं होतं.

सुरुवातीला एदिल्मा हसायची. लाथ बसली की अंधारातच विचारायची, "काय रे, वाचलो का?" मी म्हणायचो, "वाचलो." मग आम्ही दोघं पुन्हा झोपायचो. लग्न झाल्यापासून आम्ही एकाच पलंगावर झोपत आलो. ती भिंतीकडे, मी दाराकडे. भांडण झालं तरी पाठीला पाठ लावून का होईना, पण तिथंच. एकदा तिनं रागानं मध्ये मोठी उशी उभी केली होती. पहाटे ट्रक काढायला उठलो तेव्हा उशी खाली पडलेली आणि हिचा पाय माझ्यावर. असं आमचं.

मग एका रात्री म्हातारीचं वळण जरा जास्तच उजवीकडे आलं. मी स्टिअरिंग गरकन फिरवलं आणि माझं कोपर एदिल्माच्या डोळ्यावर बसलं.

डोळा वांग्यासारखा सुजला. खाटीक ओविदियोनं मांस तोलता तोलता माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच तराजूत पडलोय. एदिल्मा त्याच्यावर खेकसली, "इकडे बघ! हा झोपेत ट्रक चालवतो. जागेपणी याला पाव कापायला येत नाही, मला काय मारणार!" बायकोनं बाजू घेतली ती अशी.

पण मेदेयीन शहरातून आमची मुलगी यानेत आली आणि तिनं तो डोळा बघितला. यानेत शाळेत फुटबॉल खेळायची, गोलकीपर होती. अजूनही तिच्यापुढून काही सुटत नाही.

"बस झालं," ती म्हणाली. "आई आजपासून माझ्या जुन्या खोलीत झोपेल."

"आम्ही काय भाडेकरू आहोत का वेगळ्या खोल्यांत झोपायला?" मी म्हणालो.

"बाबा, उद्या तिचा डोळा गेला तर?"

मी एदिल्माकडे बघितलं. वाटलं, आता ही मुलीला उडवून लावेल. पण ती खाली मान घालून चादरीची घडी करत होती. तिनं तिची उशी काखेत मारली आणि गेली. खरं सांगतो, इंग्रज अंगात शिरला तेव्हा मी रडलो नव्हतो. त्या भिंतीकडच्या रिकाम्या जागेवर हात पडला तेव्हा मात्र रडलो.

एकट्यानं झोपायचं म्हणजे काय ते मला माहीतच नव्हतं. तिसऱ्या की चौथ्या रात्री लघवीला उठलो, पाय चिकटले, हाक मारायला शेजारी कुणी नाही, पडलो. फार लागलं नाही. पण दुसऱ्या दिवशी एदिल्मा माळ्यावरून दिव्यांची माळ घेऊन आली.

ही माळ म्हणजे नाताळातली नाजूक माळ नव्हे. आमच्या घरासमोर रस्ता ओलांडला की शेवंतीची पॉलीहाऊसं सुरू होतात, पार टेकडीपर्यंत. एदिल्मानं तिथंच उमेदीची वर्षं घालवली. लहान रोपांच्या वाफ्यांवर रात्री दिवे लावतात. ते टांगायचे, लावायचे आणि शेजारच्या वाफ्यावर उजेड जाऊ नये म्हणून मध्ये काळा पडदा ओढायचा, हे तिचं काम. रोपांना रात्री का झोपू देत नाहीत ते मी कधी विचारलं नाही. मला दुधातलं विचारा. फुलांच्या कारभारात मी आत पाऊल टाकलं ते एकदाच, मातृदिनाच्या घाईत, तिचा डबा द्यायला. तर कापलेली फुलं ठेवतात त्या थंड खोलीत नेमका शिरलो, आत मिट्ट काळोख, आणि लोखंडी मांडणीवर कपाळ आपटून आलो. तेव्हापासून मी फाटकावरूनच हाक मारायचो. तर तिथले जुने दिवे कंपनीनं बदलले तेव्हा होल्डरसकट एक मोठी वायर एदिल्मानं मागून आणली होती. तिच्यात तिनं नवे पांढरे दिवे बसवले आणि ती माझ्या पलंगावरून, दारावरून, पार संडासापर्यंत टांगली.

"आता पड बघू कसा पडतोस ते!" ती म्हणाली.

रात्र झाली आणि माझ्या खोलीत दुपार उगवली. डोळे मिटले तरी पापण्यांतून उजेड आत येई. कूस बदलली तर भिंतच चमकायची. डोक्यावर पांघरूण घेतलं की एदिल्मा येऊन ते काढायची, "गुदमरशील." डोळ्याला डोळा लागेना. आणि लागलाच तर अर्धवट. मग ट्रक, वळण, ब्रेक, आरडाओरडा, सगळं जास्तच. दिवसा मात्र खुर्चीत बसल्या बसल्या डुलक्या. एकदा तर राजम्याच्या वाटीत हनुवटी बुडाली. हात इतका थरथरायचा की चॉकलेट पिताना निम्मं शर्टालाच मिळायचं. इंग्रजाची नुसती चंगळ चालली होती.

जसजसा मी बिघडत गेलो, तसतशी एदिल्मा दिवे वाढवत गेली. आधी पलंगावर दोन होते, मग आणखी लागले. मी म्हणायचो, "अगं, मला फाशी दे, पण आधी दिवा घालव." ती ढिम्म. मी गुपचूप दिवा काढायचा प्रयत्नही केला. हात आपोआप थरथरतो तेव्हा होल्डरमधून दिवा काढायला फिरवायची मेहनत लागत नाही, तेवढा एक इंग्रजाचा फायदा. पण सकाळी ती दिवे मोजायची... नव्हे, तिला मोजायचीही गरज नव्हती, नुसतं वर बघितलं की कळायचं. जन्म गेला होता तिचा त्यात.

"दिवा कुणी काढला?" तिनं विचारलं. रागावली की ती मला 'तुम्ही' म्हणते. "लिबार्दोसाहेब, तुम्ही काढला का?"

"भूतानं काढला."

"मग भुताला सांगा, पुन्हा हात लावला तर हात बांधून ठेवीन."

आता मला सांगा, माणसानं यातून काय समजावं? मी समजलो ते असं: ही मला घाबरते. दाराशी येऊन ही रात्री बघते ना, ते मी पडलोय का यासाठी नव्हे. मी उठून हिच्या अंगावर तर येत नाही ना, ते बघायला. त्या कोपरानं हिच्या मनातलं काहीतरी मोडलं आहे. एवढा उजेड ठेवतात तो वाघाच्या पिंजऱ्यावर. हे मी तोंडानं बोललो नाही. पण मनात एकच गोष्ट ठाण मांडून बसली होती: ही आता काही माझ्या पलंगावर परत यायची नाही. इंग्रजानं माझा हात घ्यावा, पाय घ्यावा, आवाजही बारीक केलाच आहे त्यानं. पण भिंतीकडची ती जागा? ती द्यायला माझी तयारी नव्हती.

नोव्हेंबरात रिओनेग्रोला डॉक्टरबाईंकडे गेलो. तरुण पोरगी, पण धीरानं ऐकते. माझी हकिगत ऐकून तिनं विचारलं, "रात्री खोलीत उजेड किती असतो?"

"भरपूर, डॉक्टर!" एदिल्मा ऐटीत म्हणाली. "सुई पडली तरी दिसेल."

"मग तेच बघायला हवं," बाई म्हणाल्या. "दिवस कुठला, रात्र कुठली, हे मेंदू उजेडावरून ओळखतो. या आजारात ती ओळख आधीच कच्ची झालेली असते. त्यात रात्रभर पांढरा दिवा डोळ्यांवर असला तर झोप आणखी उडू शकते. आणि झोप मोडली की दिवसा हातपाय जास्त हट्ट करतात. सगळ्यांना सारखाच फरक पडतो असं नाही, मी वचन देत नाही. पण करून बघा. सकाळी यांना भरपूर उजेडात बसवा. संध्याकाळनंतर दिवे कमी करा. रात्री अंधार. पडू नयेत म्हणून जमिनीलगत एक बारीक पिवळा दिवा पुरे."

झोपेतल्या लाथांसाठी एक गोळीही लिहून दिली. एदिल्मानं फादरांसमोर हलवते तशी मान हलवली. मी मनात म्हटलं, सुटलो! कारण एदिल्माचं डॉक्टरांच्या बाबतीत असं की बाईंनी गोळी उभ्यानं घ्या म्हटलं तर ती मला बसू देणार नाही.

घरी आलो. गोळी वेळेवर मिळाली. झोपायची वेळ झाली आणि एदिल्मानं सगळे दिवे लावले.

"अगं, बाई काय म्हणाल्या?"

"ऐकलं मी."

"मग?"

"मग काय मग? झोपा तुम्ही."

तिचा आवाज चिरकल्यासारखा झाला आणि ती गेली. डॉक्टरांचंही ऐकत नाही म्हणजे भीती केवढी असेल! मी त्या दिव्यांकडे बघत पडून राहिलो.

आणि मग आला सात डिसेंबर, मेणबत्त्यांचा दिवस.

त्या संध्याकाळी आमच्या गल्लीत विजेचा दिवा लावणं म्हणजे पाप. पवित्र मारियासाठी घराघरापुढे फुटपाथवर मेणबत्त्या लावायच्या, कागदी कंदील टांगायचे आणि घरातले दिवे झाडून सगळे बंद. कुणाची खिडकी उजळलेली दिसली की अख्खी गल्ली ओरडते, "दिवा! दिवा!" गेल्या वर्षी ओविदियोच्या फ्रीजचं दार उघडं राहिलं होतं तरी लोक ओरडले होते. आणि या बाबतीत एदिल्मा सगळ्यांत कडक. लहानपणापासून तिनं हा दिवस चुकवलेला नाही. समोरच्या पॉलीहाऊसच्या उजेडाकडे बघून ती दरवर्षी क्रूसाची खूण करते आणि पुटपुटते, "मारियाआई, त्यांना माफ कर, त्यांची नोकरी आहे."

तिन्हीसांजेला तिनं स्वतः घराचं मेन स्विच खाली ओढलं. मी ते डोळ्यांनी बघितलं आणि देवाचे आभार मानले.

यानेत आली होती. तिनं माझी खुर्ची बाहेर काढली, पायांवर घोंगडं टाकलं, हातात गुळाचं गरम पाणी दिलं. एदिल्मा गरम गरम बुन्युएलो तळून आणत होती, चीजचे ते फुगलेले गोळे, मला ती एकेक अर्धा करून भरवत होती आणि भरवता भरवता माझ्या थरथरत्या हाताला म्हणत होती, "अरे, थांब ना मेल्या, तुला कुणी नाचायला सांगितलंय?" मेणबत्त्यांच्या उजेडात तिचा डोळा पूर्ण बरा झालेला दिसत होता. साठी उलटलेली बाई, पिठाचे हात, कपाळावर घाम, आणि मी आपला बघतच राहिलो. कितीतरी दिवसांनी तिला मी डोळे न किलकिलवता बघत होतो.

हळूहळू अंग जड झालं. ती दिवसातली मेली डुलकी नव्हे. ट्रक धुऊन, जेवून, आता पडावं असं जे पूर्वी वाटायचं ना, ते. यानेतनं मला आत नेलं. घर सगळं काळोखात, पॉलीहाऊसच्या बाजूच्या खिडकीवर तिनं तिचा कोट टांगला. मी पडलो. बाहेर एदिल्मा कुणाशी तरी हुज्जत घालत होती, तिचा आवाज ऐकता ऐकता मी झोपलो.

जाग आली तेव्हा उजाडलं होतं. कोंबडे ओरडून थकलेले. मी उताणाच होतो, पांघरूण नीट, कुठे पडलेलं नाही, आवळलेलं नाही. वळण आलं नव्हतं. हात पोटावर होता आणि चक्क गप्प होता. काही क्षणच, पण होता. आणि पलंगाशेजारी खुर्चीत एदिल्मा बसली होती, कालच्याच कपड्यांत, डोळे लाल.

"काय गं? कोण गेलं?"

"कुणी नाही." तिनं नाक पुसलं. "मी मेन स्विच चालू करायला निघाले होते. ती कार्टी दारात आडवी झाली. म्हणाली, बाबा झोपलेत, आज हात लावशील तर बघ. मग मी इथेच बसले. श्वास ऐकत."

"रात्रभर?"

"मग काय करू? तू अंधारात होतास!"

हे ती अशा काही सुरात म्हणाली, जणू मी विहिरीतच पडलो होतो. मला राहवलं नाही. इतके दिवस गिळलेलं सगळं बाहेर आलं.

"एदिल्मा, खरं सांग. तू मला घाबरतेस. अंधारात मी तुला मारीन म्हणून तू दिवे लावतेस."

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मला शिंगं फुटलीत. "आवे मारिया! मी? तुला? अरे, तुला शर्टाचं बटण लावता येत नाही, तुला कोण घाबरणार?"

"मग दिवे कशाला? बाई स्वतः म्हणाल्या तरी काढेनास."

पदराआड लपवावं तसं तिनं तोंड एप्रनमध्ये घातलं. मग आतूनच बोलली, "शेवंतीवर दिवा का लावतात, माहितीये तुला?"

"मला दुधातलं विचार."

"रात्री दिवा असला ना, की शेवंती फुलत नाही. हिरवीच राहते, नुसती वाढत राहते. ज्या दिवशी दिवे काढतो त्या दिवसापासून तिला कळतं, रात्र मोठी झाली. मग ती कळी धरते. आणि कळी धरली की..." तिनं एप्रन खाली घेतलं आणि दोन बोटांची कात्री केली. "मीच काढायचे दिवे. इतकी वर्षं. ज्या वाफ्यावरचे दिवे काढले, त्याचे दिवस भरले. तू दिवसेंदिवस पुढेच चाललास, लिबार्दो. मला दुसरं काय येतं? मी म्हटलं, याला आहे तिथंच धरून ठेवू. पुढे जाऊ द्यायचा नाही. आणि ती डॉक्टर पोरगी म्हणते अंधार करा! माझ्या हातानं कसा काढू मी तुझ्यावरचा दिवा?"

आणि ती रडायला लागली. एदिल्मा रडते तेव्हा चिडून रडते. माझ्या पांघरुणावर बुक्क्या मारत होती.

मी काय करणार? मी तर ढसाढसा रडलो असतो, पण इंग्रजानं माझा चेहरा असा लाकडी केलाय की रडलेलंही लोकांना कळत नाही. ही बाई मला वाघ समजून नव्हे, रोप समजून दिवे लावत होती. आणि मी वेडा तिकडे तोंड करून कुढत होतो. मी तिचा हात धरला, म्हणजे माझा थरथरता हात तिच्या हातावर ठेवला आणि दोन्ही थरथरायला लागले.

"एदिल्मा, मी काय हिरवं रोप आहे का गं? मी केव्हाच फुललो. सान खोसेच्या जत्रेत तू निळा फ्रॉक घालून आली होतीस, त्या वर्षी. तू तेव्हाच मला कापून घरी आणलंस."

"गप्प बस. चेष्टा नको."

"चेष्टा नाही. सांग मला, कापलेलं फूल तुम्ही कुठे ठेवता?"

"थंड खोलीत."

"दिवा लावून?"

ती उत्तर द्यायला गेली आणि थांबली.

"माझं कपाळ फुटलं होतं त्या खोलीत, विसरलीस का?" मी म्हणालो. "काहीसुद्धा दिसत नव्हतं. काळोख कशाला ठेवता तिथे?"

"टिकावं म्हणून," ती अगदी हळू म्हणाली.

मग तिनं माझ्या डोक्याखालची उशी ओढली आणि त्याच उशीनं मला एक हाणली. जागेपणी, शुद्धीत, नेम धरून. यानेत स्वयंपाकघरातून पळत आली आणि आम्हा दोघांना हसताना-रडताना बघून कपाळाला हात लावून परत गेली.

त्याच सकाळी दिव्यांची माळ उतरली. एदिल्मानं खिडकीला कोटाऐवजी तिचा जुना काळा पडदा लावला, तोच, वाफ्यांमधला. कडा अशा दाबून बसवल्या की समोरच्या पॉलीहाऊसचा एक किरण आत यायचा नाही. पलंगापासून संडासापर्यंत जमिनीलगत बारीक पिवळे दिवे आले. आणि रोज सकाळी मला अंगणात बसवतात, तोंड उन्हाकडे, गरम चॉकलेट आणि आरेपा, म्हणजे मक्याची जाड भाकरी, हातात. ढग असला तरी बसवतात. जरा मान वळवली की आतून आवाज येतो, "तोंड समोर!" वाफ्यातली रोपंसुद्धा इतकी शिस्तीत नसतील.

इंग्रज गेला का? गेला नाही. जायचाही नाही, हे मला माहीत आहे आणि तिलाही. हात थरथरतो, पाय उंबऱ्याला चिकटतात. पण रात्री झोप लागते, बहुतेक रात्री. ट्रक येतो, पण रोज येत नाही. सकाळचे पाय जरा माझं ऐकतात. डॉक्टरबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, गोळीनं असेल, उजेडानं असेल, दोन्हीनं असेल, चालू ठेवा. एदिल्मानं मान हलवली, आणि या वेळी खरी हलवली.

पण भिंतीकडची जागा रिकामीच होती. मी विचारलं नाही. यानेतचा हुकूम होता आणि खरं तर तिचं चुकीचं नव्हतं. माझ्या पायाची हमी मीही देऊ शकत नव्हतो.

नाताळ उलटून गेल्यावर एका संध्याकाळी मी पलंगावर बसलो होतो. पडदा ओढलेला, खाली पिवळा दिवा. दारात एदिल्मा उभी राहिली. काखेत उशी. अंगात नेहमीचा फुलाफुलांचा गाऊन, आणि गाऊनखाली दोन्ही नडग्यांवर यानेतचे शाळेतले फुटबॉलचे हिरवे पॅड, पट्टे आवळून बांधलेले.

मी काही बोलण्याआधी तिनं बोट रोखलं. "हसलास तर परत जाईन."

"नाही हसत. माझा चेहराच हलत नाही, इंग्रजाला विचार."

"डोळे हसतायत मेल्याचे. सरक."

मी सरकायला लागलो. पाय अडकले, चादर अडकली, शेवटी तिनंच मला दाराकडे ढकललं आणि स्वतः भिंतीकडे पडली. पॅड चादरीला घासून खरखर आवाज करत होते. तिनं माझ्याकडे पाठ केली आणि कोपराच्या पल्ल्याबाहेर नेमकी राहिली. गोलकीपरनं तेही शिकवलं असावं. मग अंधारात तिचा हात मागे आला, माझा थरथरणारा हात शोधून काढला आणि मुठीत गच्च दाबून ठेवला.

सकाळी डोळे उघडले तर ती जागीच होती, छताकडे बघत.

"ब्रेक मारला का गं मी?"

"एकदा मारलास. म्हातारीच्या वळणावर."

"लागलं का?"

"छे," एदिल्मा म्हणाली. "वाचलो."